म्हैस आणि शिंगरू

‘खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक सांगा’ हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी आला असेलच. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा जमिनीकडे येते, ते खारे वारे. रात्री उलटा कारभार, ते मतलई वारे. मीही शाळेत हे घोकलं, गुण मिळवले आणि विसरून गेलो. पण गेल्या एप्रिलमध्ये दोनापावलाच्या किनाऱ्यावर भर दुपारी माडाच्या सावलीत बसून मी या खाऱ्या वाऱ्यांची वाट पाहत होतो. कशी? तुम्ही शाळेच्या शेवटच्या घंटेची पाहता ना, अगदी तशी!

दोनापावला म्हणजे पणजीहून मिरामारवरून सरळ पुढे, सातेक किलोमीटर. वर मांडवी, खाली झुआरी. या दोन नद्या जिथे समुद्राला मिळतात, त्यांच्या मधोमध जमिनीची एक जीभ पाण्यात घुसली आहे. जिभेच्या टोकावर राज्यपालांचं निवासस्थान. जवळच १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. समोर, झुआरीच्या रुंद मुखापलीकडे, मुरगाव बंदरातली जहाजं खेळण्यांएवढी दिसतात. पर्यटक येतात ते जेट्टीवर. फोटो काढतात, टोप्या विकत घेतात आणि तासाभरात परत जातात. जवळच्या एका छोट्या पुळणीकडे त्यांचं फारसं लक्ष जात नाही. तिला इथले लोक ‘हवाई बीच’ म्हणतात. शिडाच्या फळ्यांच्या, म्हणजे विंडसर्फिंगच्या, राष्ट्रीय स्पर्धाही या किनाऱ्यावर झाल्या आहेत.

माझी ताई पणजीत राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, सातवीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघंही एकाच दिवशी विंडसर्फिंग शिकायला लागलो. ती पहिल्याच दिवशी उभी राहिली. मला चार दिवस लागले. असो.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाण्यावर एक लांबट फळी. तिच्यावर डोलकाठी आणि शीड. होडीची डोलकाठी ताठ बसवलेली असते, ही मात्र बुडाशी एका लवचीक सांध्यावर बसते, त्यामुळे कुठेही कलते. सुकाणू नाहीच. शीड पुढे कलवलं की फळीचं तोंड वाऱ्यापासून दूर जातं, मागे कलवलं की वाऱ्याकडे वळतं. म्हणजे डोलकाठीला आधार कोणाचा? तुमचा. आणि तुम्हाला आधार कोणाचा? शिडाचा! वारा थांबला की दोघंही पाण्यात.

आम्ही शिकलो ती फळी प्रचंड होती. २०५ लिटरची, ८५ सेंटिमीटर रुंद, वर मऊ रबरी पाठ. भाचीने तिचं नाव ठेवलं होतं ‘म्हैस’. नाव अगदी चपखल, बरं का! म्हैस पाण्यात बसली की बसली. तिच्या पाठीवर चुकीच्या जागी पाय ठेवा, शीड पाडा, पुन्हा ओढा, ती ढिम्म हलत नाही. तिच्या पोटाखाली मध्यभागी एक मोठं पातं असतं, त्याला डॅगरबोर्ड म्हणतात. ते पाणी धरून ठेवतं आणि फळीला आडवी वाहू देत नाही. त्यामुळे वारा अगदी मंद असला तरी निघाल्या जागी परत येता येतं.

पण दोन वर्षं म्हशीवर बसल्यावर माझ्या मनात दुसरंच येऊ लागलं. शेजारून तरबेज मुलं छोट्या फळ्यांवरून सूं करून निघून जायची. त्यांच्या मागे पांढरी रेघ. माझ्या मागे? काही नाही. म्हणून या एप्रिलमध्ये मी शिकवणाऱ्या सरांना म्हटलं, “सर, आता लहान फळी द्या.”

सर गोव्याचेच, उन्हाने रापलेले, बोलणं फार कमी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “वजन?”

“बहात्तर किलो.”

त्यांनी वाळूतून एक काटकी उचलली आणि भाचीच्या हातात दिली. “मामांचं गणित कर बघू.”

आता तुम्हीही वही घ्या. फळीवर १३० लिटर असा आकडा असतो, तो तिच्या पोटात काही भरण्याचा नाही, तर तिच्या आकारमानाचा. आर्किमिडीजचा नियम आठवतो? पूर्ण बुडालेली १३० लिटरची फळी १३० लिटर पाणी बाजूला सारते. एक लिटर पाण्याचं वजन साधारण एक किलो, म्हणून ती फार तर १३० किलो पेलणार. (समुद्राचं पाणी किंचित जड असतं, त्यामुळे थोडा फायदाच. तो सोडून देऊ.) आता वजाबाकी. मी ७२, फळी स्वतः ९, शीड-डोलकाठी मिळून ९, ओली जॅकेट वगैरे २. झाले ९२. उरले ३८. म्हशीवर हाच हिशेब केला, तर ती स्वतः १३ किलोची असूनही १०९ उरतात. म्हणजे म्हशीवर माझ्यासारखा आणखी एक मामा बसला तरी ती बुडाली नसती, आणि नव्या फळीवर मात्र सातवीतला एखादा भाचा बसवण्यापुरतीच जागा होती.

भाचीने मग स्वतःचंही गणित केलं. ती ३६ किलोची आणि तिचं शीड लहान, म्हणून ते ६ किलो. फळीचे ९, जॅकेटचा १. एकूण ५२. उरले ७८!

“मामा, म्हणजे ही फळी तुझ्यासाठी लहान आहे. माझ्यासाठी नाहीच!”

मला हे तोवर सुचलंच नव्हतं. लहान-मोठं हे फळीवर लिहिलेलं नसतं, तर ते ठरतं फळी आणि फळीवरचा माणूस यांच्यातल्या वजाबाकीवरून. आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही. मुलाला जी फळी सहज जमते तिच्यावर बाबाही उभे राहतील, असं मुळीच नाही. त्यात माझ्या फळीची रुंदी ७५ सेंटिमीटर. फक्त दहा कमी. पण डुगडुगण्याच्या बाबतीत ते दहा सेंटिमीटर मला दहा हातांसारखे वाटले.

भाचीने तिचंही बारसं केलं, ‘शिंगरू’.

पहिल्या दिवशी मी एकोणीस वेळा पडलो. मोजायला भाची होतीच. म्हशीवर मी ऐटीत मध्यभागी उभा राहायचो, दोरीने शीड पाण्यातून ओढून काढायचो, मग जरा इकडेतिकडे बघायचो आणि निघायचो. शिंगरावर ‘जरा बघायला’ वेळच नाही! पाय चार बोटं इकडे सरकला की फळीची कड बुडते, ती सावरायला दुसऱ्या पायावर भार दिला की दुसरी कड बुडते, तेवढ्यात हातातलं शीड वाऱ्याने फिरतं आणि धप्प! नाकातोंडात पाणी. भाची नंतर त्याच फळीवर चढली आणि दुसऱ्या प्रयत्नात उभी राहून म्हणाली, “मामा, हे तर सोपं आहे!” मी काहीच बोललो नाही.

सर किनाऱ्यावरून एकच शब्द ओरडत होते, “सवकास! सवकास!” सवकास म्हणजे कोकणीत सावकाश. पण गंमत अशी, की शिंगराला सावकाशीचं वावडं असतं. हे कोडं दुसऱ्या दिवशी सुटलं. सावकाशपणा पायांना हवा, फळीला नको. दोन्ही पाय डोलकाठीच्या अगदी जवळ, एक पुढे, एक मागे. गुडघे वाकलेले. शीड वर आलं की वाट न पाहता त्यात वारा घ्यायचा आणि निघायचं. सायकल आठवा. उभी सायकल पडते, चालती सायकल पडत नाही. म्हैस म्हणजे तीन चाकी सायकल, तिच्यावर बसून तुम्ही गप्पा मारू शकता.

तिसऱ्या दिवशी साडेतीनच्या सुमाराला वारा चढला. पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले. वारा साधारण १२ नॉटचा, म्हणजे ताशी २२ किलोमीटरचा झाला की असे तुरे दिसू लागतात. वाऱ्याचा एक झोत आला. मी सांगितल्याप्रमाणे शीड मागे झुकून धरलं, एक पाय मागे सरकवला आणि एकदम आवाज बदलला. तोवर फळीखाली पाणी खळखळत होतं, ते सळसळायला लागलं. फळीचं नाक वर आलं. पाणी जणू कडक झालं!

काय झालं होतं ते सांगतो. एरवी फळी पाणी बाजूला ढकलत, त्यातून वाट काढत जाते. पण वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती पाण्यावर चढते आणि वरच्या वर घसरत धावते. चपटा खडा तिरका भिरकावला की तो न बुडता टप्पे घेत जातो ना, त्यातलाच प्रकार. आता फळीला तरंगवतो तो तिचा वेग. लिटर-बिटरचा हिशेब त्या वेळेपुरता संपला. आणि तेव्हाच मला कळलं की शिंगराला सगळे का भुलतात. पाण्याला टेकलेली जागा कमी, म्हणून घर्षण कमी. पायाच्या अंगठ्याने जरा दाब दिला की वळतं. मी मुरगावच्या जहाजांच्या दिशेने निघालो होतो आणि मला परत फिरायची अजिबात इच्छा नव्हती. परत फिरताना पडलो, हे ओघाने आलंच.

या खेळात फळ्या लहान होत गेल्या त्याचा इतिहासही मजेदार आहे. लवचीक सांध्यावर शीड बसवलेल्या फळीचं पेटंट हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोन अमेरिकनांनी १९६८ साली मागितलं. ती फळी सुमारे १२ फूट लांब होती. तसल्याच फळीवर १९७६ साली बहामा बेटांवर रॉबी नॅश नावाचा मुलगा जगज्जेता झाला. वय वर्षं १३! हा मुलगा हवाई बेटांवरचा, खऱ्याखुऱ्या हवाईचा. तिथल्या जोरदार वाऱ्यात लांब फळ्या आवरेनात, म्हणून तिथल्या पोरांनी त्या आखूड केल्या आणि पाय अडकवायला पट्टे ठोकले. १९८४ साली हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये फळी ३७२ सेंटिमीटर लांब होती, २००८ मध्ये २८६ आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये २२०. ही शेवटची तर पाण्याखालच्या पंखावर पाण्याबाहेर उचलली जाते. मधल्या, म्हणजे २८६ सेंटिमीटरच्या, फळीवर आपल्या इबाद अलीने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली कांस्यपदक मिळवलं. पण लांबी घटली तशी रुंदी वाढत गेली, ९५ सेंटिमीटरपर्यंत! म्हणजे तिथेही डुगडुगण्याची धास्ती आहेच.

आता पाचव्या दिवसाची गोष्ट. ही मी ताईला लगेच सांगितली नव्हती.

दुपारी तीनला वारा बरा होता. सरांनी पूर्वेकडे बोट दाखवलं. लांब, सह्याद्रीच्या अंगाला, ढग चढले होते. एप्रिलच्या शेवटी असे ढग येतात, नवल काहीच नाही. सर म्हणाले, “आज वारा लवकर पडेल. मोठी फळी न्या.” भाचीने मुकाट्याने म्हैस घेतली. मी? मला दोनच दिवसांपूर्वी पाणी कडक झाल्याचा अनुभव आला होता. मी म्हटलं, “सर, एकच फेरी मारून येतो.” आणि शिंगरू घेऊन निघालो.

फेरी छान झाली. दुसरीही झाली. तिसऱ्या फेरीत किनारा बराच मागे असताना वारा पडला. हळूहळू नाही, कुणीतरी पंख्याचं बटण बंद करावं तसा. फळी खाली बसली. मी पाण्यात पडलो, पुन्हा चढलो, शीड ओढलं. पण त्यात भरायला वाराच नाही, तर मी कशाला रेलणार? पुन्हा पडलो. शिंगराच्या पोटाखाली मधलं पातं नसतं. शेपटीशी एक छोटी फिन असते, आणि ती वेग असेल तरच पाणी धरते. मी उभा होतो म्हणजे खरं तर वाहत होतो.

ते माझ्या लक्षात आलं एका होडीमुळे. थोड्या अंतरावर नांगरलेली एक मासेमारीची होडी होती. मघाशी ती माझ्या समुद्राकडच्या बाजूला होती. आता बघतो तर ती माझ्या आणि नदीच्या मध्ये, आणि तिचं तोंड नदीकडे. ओहोटी लागली होती. झुआरीचं पाणी समुद्राकडे निघालं होतं आणि मलाही बरोबर नेत होतं.

तेवढ्यात म्हैस आली. भाची तिच्यावर ताठ उभी, उरल्यासुरल्या वाऱ्यावर, खाली पातं सोडून, मुंगीच्या गतीने पण अगदी सरळ किनाऱ्याकडे चालली होती. मला पाहून तिने शीड सैल सोडलं. “मामा, मी येऊ तुझ्याकडे?”

माझ्या मनात काय आलं असेल? खरं सांगतो, ‘ये’ असंच आलं. म्हशीवर १०९ किलोची जागा शिल्लक असते, हे मला पाठ होतं. पण बारा वर्षांची मुलगी किनाऱ्यापासून दूर वळवायची आणि तीही माझ्याबरोबर ओहोटीत अडकली तर? मी ओरडलो, “येऊ नकोस! किनाऱ्यावर जा. सरांना सांग.” ती दोन क्षण तशीच उभी राहिली. तिचे डोळे दिसत होते. मग तिने शीड ओढलं आणि गेली. मला एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर पडली असती, हे तिला माहीत होतं.

आता माझं काम उरलं. फळी सोडून पोहत सुटायचं नाही, हा पहिला नियम. फळी तरंगते आणि लांबूनही दिसते. पाण्यातलं माणसाचं डोकं म्हणजे नारळ. मी शीड फळीच्या मागच्या भागावर आडवं घेतलं, पोटावर झोपलो आणि हातांनी वल्हवू लागलो. ओढीच्या विरुद्ध नाही, आडवं, जमिनीच्या दिशेने. विरुद्ध गेलं तर नुसते हात भरून येतात. हे सगळं मला शिकवलेलं होतं आणि ते मी नीट केलं. एकच गोष्ट केली नाही. मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करायचे, ही जगभरची खूण. मी ती केली नाही. किनाऱ्यावर लोक होते, ती तरबेज मुलं होती. पन्नाशीच्या माणसाने असे हात हलवायचे, याची मला लाज वाटली. दहा मिनिटं मी लाजत राहिलो आणि त्या दहा मिनिटांत होडी आणखी लहान दिसू लागली. मग हलवले हात. चांगले हलवले.

सरांची मोटारबोट मात्र त्याआधीच सुटली होती. भाचीने पाय वाळूला लागायच्या आतच ओरडून सांगितलं होतं. सरांनी मला वर घेतलं, शिंगरू दोरीने मागे बांधलं आणि किनाऱ्यापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी रागावलं असतं तर फार बरं झालं असतं.

संध्याकाळी भाचीला रस ऑम्लेट खायला घातलं. खाता खाता ती म्हणाली, “मामा, मला तर आधीच कळलं होतं वारा पडणार ते.”

“कसं काय?”

“ढग जमिनीवर होते ना! ऊन अडलं, जमीन तापली नाही. जमीन तापली नाही तर खारा वारा कशाला येईल?” आणि पाव रसात बुडवत ती पुढे म्हणाली, “दोन मार्कांचा प्रश्न आहे तो.”

रात्री ताईला सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते इथे छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा हवाई बीचवर. सर समोर आले, पण कुठली फळी न्या हे त्यांनी सांगितलं नाही, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मी पूर्वेकडे पाहिलं. आकाश स्वच्छ. भरतीची वेळ विचारून घेतली. पाणी पाच वाजेपर्यंत चढणार होतं. माडांच्या झावळ्या अजून लोंबत होत्या. समोरचं पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत.

“म्हैस की शिंगरू?” भाचीने विचारलं.

“थांब,” मी म्हटलं. आम्ही वाळूत बसून राहिलो. दोन वाजले, अडीच वाजले. एक झावळी हलली. मग दुसरी. तीनच्या पुढे मुरगावच्या बाजूला पाण्याचा रंग गडद झाला आणि त्यावर एक पांढरा तुरा उठला. भाची उडी मारून उभी राहिली. मी तिला खाली बसवलं आणि आम्ही तुरे मोजायला लागलो.